स्पीकर हॉलमध्ये आणि बास किचनमध्ये

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पाडवा खरेदीच्या पुरवणीत टॉवर स्पीकरवर, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरवर, अख्खं पान आलं, ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. फोटो मस्त होते, पण पूर्ण पानात वॅट, उंची आणि ऑफर याच्यापलीकडे काहीच नाही. खोली केवढी पाहिजे, स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचा, कोणता ॲम्प्लिफायर त्याला झेपेल, एक अक्षर नाही. दोन वर्षांआधी मी रिटायर झालो तेव्हा असंच कुठलंतरी पान वाचून फंडाच्या पैशातले थोडे घेऊन दुकानात गेलो होतो, आणि त्यानंतरचे सहा महिने माझे काय हाल झाले ते मलाच माहीत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधला सोफ्याचा भाग कापू नका.

दुकानाचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. आत वेगळी ऐकायची खोली, एसी चालू, खाली जाड गालिचा, चारी बाजूंनी पडदे. त्या पोराने एक ड्रमवालं इंग्रजी गाणं लावलं, आवाज असा वाढवला की माझ्या शर्टाची बटणं थरथरली, आणि म्हणाला काका, घरी न्या, भिंती हलतील. मला भिंती हलवायच्या नव्हत्या, मला तानपुरा ऐकायचा होता. पण तिथे तोंडातून शब्द निघाला नाही. बाप्पा, काय आवाज आहे, एवढंच मनात आलं आणि ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो.

आता कळतं की तिथेच पहिली गफलत झाली. आवाज मोठा असला की कोणताही स्पीकर जास्त चांगला वाटतो. हा आपल्या कानाचाच गुण आहे, १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलेला. आवाज हळू केला की कानाला खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, ज्याला बास म्हणतात, आधी कमी ऐकू येतो, मधले सूर त्या मानाने टिकून राहतात. म्हणून तर जुन्या ॲम्प्लिफायरवर लाउडनेस नावाचं बटण असायचं, हळू ऐकताना गेलेला खर्ज परत वाढवून द्यायला. दुकानात मोठ्याने ऐकून घेतलेला स्पीकर घरी रात्री नऊ वाजता हळू लावला की पोकळ वाटतो ते त्याच्यामुळे. तेव्हा दुकानात सांगायचं, भाऊ, आवाज कमी कर, मी घरी जेवढा ठेवतो तेवढाच ठेव, आणि दोन जोड्या शेजारी ऐकायच्या असतील तर दोघांचा आवाज सारखा कर. गाणी पण आपल्याच पेनड्राइव्हवरची. माझं तर म्हणणं, गाण्याच्या आधी बातम्या ऐका. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, आमच्या पिढीचे कान त्याच बातम्यांवर तयार झाले, पुरुषाच्या नुसत्या बोलण्याचा आवाज खरा कसा असतो ते कानाला पाठ आहे. बातम्या देणारा जर माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर तो स्पीकर कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

तर स्पीकर घरी आले. प्रताप नगरात आमचा हॉल १६ बाय ११ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका अंगाला शोकेस, त्यात नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि स्टीलचे ग्लास. डावा स्पीकर शोकेसच्या बाजूला कोपऱ्यात ठेवला कारण तिथे जागा होती, उजवा गॅलरीच्या दाराजवळ ठेवला कारण तिथे प्लग होता. नव्वद टक्के घरांत स्पीकरची जागा प्लगच ठरवतो. लावलं गाणं, आणि बाईचा आवाज समोरून यायच्या ऐवजी सगळीकडून, जणू घरात कोणीतरी हरवलं आहे आणि ती शोधून राहिली. ग्लास खणखण. बैल सरकत सरकत शोकेसच्या काचेपर्यंत आला. सोफ्यावर बसलो तर डग्गा गायब. तेवढ्यात आमच्या सौ. किचनमधून म्हणतात, "अहो, इथं तं मस्त घुमून राहिलं, तुम्ही तिकडे काऊन बसले?" जाऊन पाहतो तर खरंच, ओट्यापाशी डग्गा असा घुमत होता की फोडणीचा आवाज येईना. म्हणजे पैसे मी दिले आणि बास यांच्याकडे.

दोन दिवस दुकानात फोन केले, ते म्हणाले सर तुमचा ॲम्प कमी पडतो, मोठा घ्या. घेणारच होतो. मग माझ्या मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखवायला सांगितली आणि पहिल्याच मिनिटाला हसायला लागला. एका स्पीकरची तार उलटी जोडली होती, लालमध्ये काळी, काळीमध्ये लाल. जोडायला आलेला माणूस घाईत होता, दोष एकट्या त्याचा नाही, मी पण उभा राहून चहाच विचारत होतो. उलटी तार असली की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणारा मधे उभा न राहता घरभर पसरतो. कोणालाही तपासता येतं, एकट्या माणसाचं गाणं लावा, दोन स्पीकरच्या बरोबर मधून आवाज आला पाहिजे, जणू तिथे माणूस बसला आहे. नाही आला तर एकाच स्पीकरची तार फिरवून बघा, पण ॲम्प बंद करून. पाच मिनिटांचं काम, आणि मी तीस हजाराचा ॲम्प घ्यायला निघालो होतो!

तार सुधारली, गाणारी मधे येऊन बसली. पण सोफ्यावर खर्ज अजूनही नाही, किचनमध्ये आहेच. इथे मला शाळेतलं भौतिकशास्त्र परत काढावं लागलं. पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा धरा, त्याच्या खर्जाच्या तारेचा पाया ६९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांच्या आसपास येतो, डग्ग्याचा घुमारा पण साधारण त्याच भागातला. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ७० हर्ट्झची एक लाट जवळपास १६ फूट लांब होते. आणि आमचा हॉल पण १६ फूट! सोफा कुठे होता? मागच्या भिंतीपासून ४ फुटांवर, कारण मागे डायनिंग टेबल. आता बघा, लाट माझ्या कानाजवळून मागे गेली, ४ फूट जाऊन भिंतीवर आपटली, ४ फूट परत आली. ८ फूट झाले, म्हणजे बरोबर अर्धी लाट. येणारी आणि परत आलेली लाट माझ्या कानाशी उलट्या तोंडाने भेटून राहिल्या आणि एकमेकींना पुसून टाकत होत्या. किचनचं दार भिंतीला लागून, तिथे दोन्ही लाटा एकाच बाजूने जोर लावतात, म्हणून सौ.कडे दुप्पट. ना स्पीकरचा दोष, ना ॲम्पचा. मी दुनियाभरचा खर्च केला असता तरी त्या जागेवर डग्गा आला नसता.

डायनिंग टेबल भिंतीला लावलं, त्यावर घरात एक दिवस चर्चा झाली, आणि सोफा दीड फूट मागे सरकवला. फुकटात डग्गा आला. ज्या दिवशी आला त्या दिवशी मी तेच विलंबित तीनदा लावलं, सौ. म्हणाल्या आता पुरे, वरण करपेल. तुमचा हॉल १६ फूट नसेल तर हाच आकडा तुम्हाला लागू होणार नाही, पण युक्ती लागू होते. एक सारखा खर्जाचा सूर किंवा तानपुरा लावून ठेवायचा आणि खोलीत हळूहळू चालत फिरायचं. कुठे खर्ज फुगतो, कुठे बुडतो, ते पायाखाली खड्डे लागावेत तसं कळतं. बसायची जागा खड्ड्यात नको आणि टेकडीवर पण नको. सगळ्यात वाईट म्हणजे चौकोनी खोली, १२ बाय १२, तिथे लांबीचा आणि रुंदीचा दोष एकाच सुरावर येऊन बसतो, दोन्हीकडून ४७ हर्ट्झ. नवीन स्कीममध्ये बिल्डर लोक असेच चौकोनी हॉल देऊन राहिले, त्यांना कोण सांगणार.

मग स्पीकर सरकवायची पाळी. एकेक २० किलोचा. कोपऱ्यात ठेवला की खर्ज वाढतो हे खरं, पण तो भसाभसा वाढतो, एकाच सुरावर, बाकी सगळं त्याच्याखाली दबतं. आमच्या स्पीकरला हवेचं भोक मागच्या बाजूला आहे, त्याला तर भिंतीपासून मोकळी जागा पाहिजेच. खाली टाइल्सवर तुमच्याच पेपरच्या घड्या घातल्या आणि रोज दोन-दोन इंच पुढे ओढले. सांगायला वाईट वाटतं पण रविवारची गुळगुळीत कागदाची पुरवणी साध्या अंकापेक्षा चांगली सरकते. शेवटी मागची बाजू भिंतीपासून सव्वादोन फुटांवर आली, दोन स्पीकरमध्ये ७ फूट अंतर, दोन्ही बाजूच्या भिंती दोन-दोन फूट लांब. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा म्हणतात, आमच्या हॉलमध्ये तो बसत नाही, ७ फूट तिथे आणि १० फूट इथे, चालतं. स्पीकर थोडे आत वळवले, एवढे की सोफ्यावरून आतल्या बाजूची लाकडी पट्टी जराशी दिसते. जास्त वळवले तर आवाज टोचतो, सरळ ठेवले तर गाणारा पातळ होतो.

उंचीचं एक कोणीच सांगत नाही. वरचा बारीक स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या पातळीत पाहिजे. आमचा ३६ इंचावर आहे, सोफ्यावर बसलं की बरोबर. पण आपल्याकडे अर्धी माणसं खाली गादीवर लोडाला टेकून बसतात, त्यांचा कान अडीच फुटावर, त्यांच्या डोक्यावरून सगळी झांज-चिपळी निघून जाते. माझे सासरे आले की तक्रार करतात, तुझ्या स्पीकरमध्ये टाळ ऐकू येत नाही. त्यांना सोफ्यावर बसवलं की येतात टाळ. खाली बसूनच ऐकायचं असेल तर घेतानाच खाली बसून ऐका, दुकानदार हसला तर हसू द्या.

वॅटबद्दल थोडक्यात, कारण तुमचं पान सगळं त्यावरच होतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरच्या मागच्या पाटीवर सेन्सिटिव्हिटी बघा, १ वॅटमध्ये १ मीटरवर किती डेसिबल देतो ते. ९० वाल्याला जेवढे वॅट लागतात त्याच्या दुप्पट ८७ वाल्याला लागतात. माझा स्पीकर ९० चा आहे, १ वॅटमध्येच सोफ्यावर ८० च्या वर आवाज येतो, त्याच्या पुढे सौ. हात दाखवतात. ॲम्प ४० वॅटचा आहे, अजून अर्ध्याच्या वर गेलेला नाही. पीएमपीओ म्हणून जो हजारांचा आकडा छापतात त्याला मोजायचं ठरलेलं मापच नाही, कोणीही काहीही छापतो, आरएमएस, म्हणजे सतत देऊ शकतो ते खरे वॅट, किती ते विचारा. ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा, तो पण बघा, ४ ओहमचा स्पीकर ॲम्पमधून जास्त करंट खेचतो, लहान ॲम्प तापतो, आणि आपल्या मे महिन्यात तापायला त्याला वेगळं कारण लागत नाही. तारेला मात्र खर्च करू नका, अडीच एमएमची साधी तांब्याची तार इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, ५ मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात, ८ ओहमपुढे ते काहीच नाही. मला दुकानाने जी तार दाखवली होती तिच्या किमतीत एक कूलर आला असता.

कूलरवरून आठवलं. नागपुरात स्पीकरवर बोलायचं आणि कूलरवर नाही, हे कसं चालेल. एप्रिल ते जून हॉलच्या खिडकीत डेझर्ट कूलर लागतो, त्याच्या घरघरीत तानपुरा पूर्ण बुडतो आणि माणूस आवाज वाढवत जातो, मग खालचे वर येतात. मी उन्हाळ्यात पहाटे ऐकतो, पंखा बंद करून, अर्धा तास. खरा सीझन दिवाळी ते होळी. दुसरं, कूलरचा पंखा पाणी शिंपडतो आणि ही स्पीकरची पेटी बहुतेक एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची असते, पाणी लागलं की खालून पोळीसारखी फुगते. पोछ्याचं पण तेच. आमच्या उजव्या स्पीकरचा खालचा कोपरा पहिल्याच उन्हाळ्यात फुगला, तो आता तसाच आहे, त्याच्यावर मी काळी टेप लावली आहे. तेव्हापासून खाली लोखंडी खिळ्यासारखे पाय लावले आणि टाइल्सवर ओरखडे नको म्हणून प्रत्येक पायाखाली एक रुपयाचं नाणं. आठ रुपयांत काम झालं. मागच्या भोकाला नायलॉनची जाळी लावा हो, आमच्या एका स्पीकरमध्ये पाल जाऊन बसली होती आणि मी आठवडाभर त्या खरखरीला रेकॉर्डिंगचा दोष समजत होतो.

खोली गुंजत असेल तर त्यालाही हजारो रुपयांचे पॅनल नाही लागत. नातवाला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला चिकटवून चालवलं, मी सोफ्यावर. जिथे आरशात मला स्पीकर दिसला तिथे थांबवलं, तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. एका भिंतीला त्या जागी दिवाळी अंकांची रॅक आली, दुसरीकडे जाड पडदा, आणि खाली सोफ्यासमोर आईच्या हातची गोधडी. पाहुणे विचारतात गोधडी खाली काऊन टाकली. आईचीच आहे, पण ती तिथेच बरी.

एक प्रामाणिकपणे सांगतो, १० बाय १० च्या खोलीत हे टॉवर घेऊच नका. छोटे स्पीकर स्टँडवर ठेवा, खर्ज थोडा कमी येईल पण साफ येईल. मोठ्या पेटीला श्वास घ्यायला जागा लागते, नाहीतर ती नुसती घुमते आणि शेजाऱ्यांचं डोकं उठवते. खर्ज स्लॅबमधून जातो, शब्द जात नाहीत, खालच्या मजल्यावर फक्त ढप ढप ऐकू येतं. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा लिहिली आहे. लग्नाच्या डीजेवर आपण पत्रं लिहितो, पण भिंती हलवणारे हे घरातले टॉवर पण त्याच नियमात येतात, ते पुरवणीत कोणी लिहीत नाही.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. तुमच्या पुढच्या पानावर वॅटच्या शेजारी सेन्सिटिव्हिटी, ओहम आणि किती मोठ्या खोलीसाठी हे तीन रकाने छापा, जागा तेवढीच लागेल, ऑफरचा एक गोळा कमी करा. आणि शहरातल्या दुकानदारांनी डिपॉझिट घेऊन दोन दिवस जोडी घरी ऐकायला द्यावी. साडी माणूस अंगावर लावून बघतो, बूट दोन पावलं चालून बघतो, आणि एवढ्या पैशाची वस्तू दुसऱ्याच्या खोलीत दहा मिनिटं ऐकून घ्यायची? माझी जोडी कोणी दोन दिवस आधी दिली असती तरी मी बहुतेक हीच घेतली असती, फक्त मोठा ॲम्प घ्यायला निघालो नसतो आणि डायनिंग टेबलवरून घरात भांडण सहा महिने आधीच होऊन गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात खिडकीत कूलर लागेल आणि उजवा स्पीकर खिडकीपासून हलवावा लागेल. त्याच्या चारी पायांभोवती टाइल्सवर पांढऱ्या टेपच्या खुणा करून ठेवल्या आहेत, आणि कामवाल्या मावशींना सांगितलं आहे की त्या खरवडून काढू नका, जूनमध्ये लागतील.

आपला,
एक जुना वाचक,
प्रताप नगर, नागपूर